प्रिस्काच्या शिवणीतली खाडी

पापडीच्या चर्चमध्ये लग्न असलं आणि नवरी आत येताना बायकांच्या बाकांवर कुजबुज झाली, की समजावं, गाऊन बघून झालाय आणि आता तो कुणी शिवला यावर बोलणं चाललंय. बरीच वर्षं त्या कुजबुजीत एकच नाव यायचं, प्रिस्का तुस्कानो. बाई दिसायला साधी, ठेंगणी, चष्मा सदा नाकाच्या शेंड्यावर आणि तोंडाने फटकळ. "जरा घेर वाढव गे," असं नवरीची आई म्हणाली, तर "घेर वाढवून लेकीला वेदीपर्यंत ढकलत नेनार काय?" असं तोंडावर विचारणारी. पण कात्री हातात घेतली की तिचा हात धरणारं आसपासच्या गावांत कुणी नव्हतं.

तिची खरी कीर्ती नवरीच्या गाऊनची नव्हती, लहान मुलींच्या पांढऱ्या फ्रॉकची होती. मुली चर्चमध्ये पहिल्यांदा कम्युनियन, म्हणजे पवित्र भाकर, घेतात तेव्हा घालतात तो फ्रॉक. वसईत हा फ्रॉक एकीचा कधीच नसतो. आधी थोरली घालते, मग धाकटी, मग मावशीची लेक, मग नंदाखाल गावच्या आत्याची. त्यात एक काडी, दुसरी गुटगुटीत, तिसरी ताडमाड. म्हणून प्रिस्का शिवणीच्या आत जादा कापड सोडायची. शिंपीकामात त्याला माया म्हणतात. बाकीचे शिंपी बोटभर सोडत, प्रिस्का चांगली तीन बोटं सोडायची, आणि ती अशी दुमडून, टाचून, इस्त्रीने दाबून बसवायची की बाहेरून बघणाऱ्याला पत्ता लागू नये. उसवलं की फ्रॉक वाढला. तिचा एक फ्रॉक घरातल्या सगळ्या मुलींना पुरून शेजारी जायचा. "अशाने गिऱ्हाईक परत येतंय कशाला?" असं आग्नेल म्हणायचा. आग्नेल म्हणजे तिचा नवरा. केळीची वाडी करणारा, बायकोच्या धंद्यावर रोज मत देणारा आणि ते कधीच मानलं जात नाही याचं तिळमात्र वाईट वाटून न घेणारा माणूस.

मग तयार गाऊन आले. खोक्यातून, प्लॅस्टिकच्या पिशवीतून, मोबाइलवर बोट दाबलं की घरपोच. त्यांच्या शिवणीत माया सोडाच, दोरासुद्धा धड नसायचा, पण चमचमायचे झकास. प्रिस्काच्या दुकानात आता गाऊन शिवायला कुणी येईना, आलेला गाऊन बेतायला येऊ लागले. इथे आवळ, तिथे सैल कर, खालून चार बोटं काप. दुसऱ्याने केलेला गोंधळ निस्तरायचा, एवढंच काम उरलं. ती ते करायची, पण जेवताना अधूनमधून हात ताटातच थांबायचा. "नवं काही करायला मिळालं नाही ना, तर हे हात विसरतील रे," असं ती एकदा आग्नेलला म्हणाली, आणि रोज मत देणाऱ्या आग्नेलने त्या दिवशी नुसता आपल्या ताटातला माशाचा तुकडा तिच्या ताटात ठेवला.

अशा दिवसांत ज्ञानदा तिच्या दुकानात आली. ही मुलगी वसई स्टेशनजवळच्या सोसायटीत राहणारी, समुद्रशास्त्र शिकलेली, समुद्राच्या एका संशोधन प्रकल्पावर काम करणारी. आली होती कुडता बारीक करून घ्यायला. प्रिस्का तेव्हा एका नवरीच्या डोक्यावरच्या जाळीची फाटकी कड सांधत होती. तिच्या सुईकडे ज्ञानदा इतका वेळ बघत राहिली, की प्रिस्काने शेवटी चष्म्यावरून डोळे वर करून विचारलं, "लग्न ठरलंय काय गे बाय?"

"नाही हो आंटी. माझं एक जाळं फाटलंय."

दुसऱ्या दिवशी ती ते घेऊन आली. मासे धरायचं जाळं ते नव्हतंच. नायलॉनचं झुळझुळीत कापड, त्याची भोकं इतकी बारीक की उजेडासमोर धरल्यावरच दिसावीत. आकार लांबलचक शंकूसारखा, तोंडाला लोखंडी कडं, शेपटाला बाटली. पाण्यातले सुईच्या टोकाएवढे जीव धरायला ते वापरतात. एका खडकाने त्याच्या पोटात हातभर भगदाड पाडलं होतं.

"एवढ्याशा जिवांना धरून करतेस काय? रस्सा होतोय काय त्यांचा?"

ज्ञानदा हसली. मग समोरच्या बाकावर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "आंटी, समजा समुद्र म्हणजे एक टॉवर आहे. वरच्या मजल्यावर ऊन, हवा, एकदम मस्त. पण पावसाळा संपता संपता आपल्या किनाऱ्यासमोर तळाशी असं पाणी सरकत येतं, की त्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतोच. तळमजल्यावर श्वास घ्यायची पंचाईत. तिथे तेव्हा कोण राहतं? की कुणीच राहत नाही? मला तेच बघायचंय. हे बारीक जीव मासळीचं खाणं आहे ना. त्यांचं काय होतं हे कळलं, तर मासळी कुठे का जाते तेही कळेल."

"मग जाळं टाक आनि बघ."

"तीच तर गंमत आहे. जाळं मिटलेलं खाली न्यायचं, तळाशी उघडायचं, थोडं ओढायचं, तिथेच मिटून वर आणायचं. मधल्या मजल्यावरचं कुणीही आत शिरता कामा नये. शिरलं तर कोण कुठे राहतं ते कसं कळणार?"

प्रिस्काला हे पटलं. नाव-पत्ता चुकला तर पत्रसुद्धा परत येतं. तिने भगदाड बुजवून दिलं, पण कापड जागोजागी विरलं होतं. नवं जाळं परदेशातून यायचं तर महिने जाणार, असं ज्ञानदा म्हणाली, तेव्हा प्रिस्काच्या तोंडून फटकन निघून गेलं, "कापड आन. मी शिवते."

ज्ञानदाच्या प्रकल्पाचे प्रमुख होते सुमेध सर. शांत, सावध माणूस. चहासुद्धा आधी वास घेऊन पिणारा. त्यांनी परवानगी दिली, कापडाचा तागा दिला आणि ज्ञानदामार्फत एकच निरोप धाडला, की शिवण आतून सपाट हवी.

प्रिस्काने मान डोलावली. पण खरं सांगायचं तर तो निरोप तिच्या कानापर्यंतच गेला, हातांपर्यंत पोचला नाही. जमिनीवर चादर पसरून तिने कापड आखलं तेव्हा तिला कित्येक वर्षांनी पहिल्या गाऊनच्या वेळचा आनंद झाला. आणि कात्री चालवायची वेळ आली तेव्हा हात आपोआप शिवणीच्या रेघेपासून लांब सरकला. एवढं चांगलं कापड! समुद्राचं काम! उद्या फाटलं, तर दुरुस्तीला आत काही नको? तीन बोटं नको तर नको, दोन तरी हवीत. माया न ठेवता शिवणं म्हणजे तिच्या लेखी उपाशी पाहुण्याला दारातून परत धाडणं. तिने दोन बोटं ठेवली, आत दुमडली, टाचली आणि इतकी सुबक दाबून बसवली की ज्ञानदा जाळं बघून टाळ्या वाजवायचीच बाकी राहिली.

ऑक्टोबरात ते जाळं पाण्यात गेलं. बोट पाचूबंदरच्या व्हॅलेरियनची. हा कोळी मोठ्या आवाजाचा, मोठ्या मनाचा, आणि संशोधकांना बोटीवर घेऊन जाण्याचा त्याला भारी अभिमान. सवयीसाठी त्यांनी पहिल्यांदा वसईच्या खाडीच्या तोंडाशीच जाळं ओढून बघितलं, मग ते धुऊन काढलं आणि बाहेर खोल समुद्रात जाऊन तळाचं पाणी चाळलं. जाळं ओढ घेत होतं झकास. व्हॅलेरियन म्हणाला, "कोन शिवला हा? आमच्या पोरांना शिकव म्हना."

जूचंद्रला एका नव्या इमारतीतला फ्लॅट प्रकल्पाने भाड्याने घेतला होता, तीच त्यांची प्रयोगशाळा. तिथे ज्ञानदाने तळाच्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. त्यात खाडीतले जीव होते. गढूळ, मचूळ पाण्याचे, दलदलीच्या कडेला राहणारे. ते इतक्या दूर, इतक्या खोल, हवा नसलेल्या पाण्यात कसे? तिने दोनदा बघितलं, चारदा बघितलं. मग तिला राहवेना. प्रकल्पाच्या बैठकीत, निरनिराळ्या शहरांतून संगणकाच्या पडद्यावर जमलेल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांसमोर, तिने सांगून टाकलं, की खाडीतले जीव तळाच्या पाण्यात जगतात, आणि हे आजवर कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

लोक अवाक झाले. बैठक संपल्यावर सुमेध सरांनी मात्र जाळं मागवलं, उलटं केलं, शिवणीची एक घडी चिमट्याने उलगडली आणि पांढऱ्या बशीवर झटकली. घडीतून गाळ पडला, आणि त्या गाळात तेच सगळे जीव. जाळं धुतलं होतं, पण दोन बोटांच्या त्या घडीपर्यंत धुण्याचं पाणी पोचलंच नव्हतं, आणि तिथे अडकलेलं पुढे सुटून बाटलीत उतरलं होतं. वसईची खाडी प्रिस्काच्या शिवणीत बसून आरामात समुद्र फिरून आली होती.

संध्याकाळी ज्ञानदा दुकानात शिरली ती रडवेली होऊन. जाळं तिने काउंटरवर टाकलं.

"आंटी, मी सांगितलं होतं ना, आतून सपाट?"

"सपाटच आहे. इस्त्री केलीय मी."

"सपाट म्हणजे आत काही नको! ही एवढी घडी कशाला ठेवलीत? सगळ्यांसमोर माझं हसं झालं. सर बोलले नाहीत काही, पण मला कळतं ना!"

प्रिस्काचा पारा चढला. "माया न ठेवता शिवतात ते खोकेवाले! माझ्या हातून तसलं काम जन्मात झालं नाही. चार पोरी एका फ्रॉकात वाढवल्यात मी."

"जाळं वाढत नाही, आंटी!"

प्रिस्काने जाळं पुढ्यात ओढून ती घडी बोटाने चाचपली. ज्ञानदा डोळे पुसत म्हणाली, की सरांनी परदेशी जाळं मागवलंय, ते नाताळनंतर येणार, आणि तोवर तळाचं ते पाणी निघून गेलेलं असणार. म्हणजे एक अख्खा हंगाम हातचा गेला. पुढच्या वर्षी प्रकल्प असेल की नसेल, कुणी सांगावं.

ती गेल्यावर प्रिस्का त्या जाळ्याकडे बघत बसून राहिली. तिला राग यायला हवा होता, पण आली ती शरम. नवरीचा गाऊन बिघडला तर एक दिवस बिघडतो. इथे एका मुलीचं वर्षाचं काम तिच्या दोन बोटांनी बुडवलं होतं. आणि त्याहून खोल एक भीती होती, ती तिने आग्नेललाही सांगितली नाही. बऱ्याच वर्षांनी हातात नवं काम आलं होतं. तेच वाया गेलं, तर उरलेलं आयुष्य खोक्यातल्या गाऊनच्या कडा कापण्यात जाणार. आपण शिंपीण उरलो की नुसती कात्री, हे या जाळ्यावर ठरणार, हे तिला त्या संध्याकाळी स्वच्छ कळलं.

दुसऱ्या दिवशी ती ठेवणीतला ड्रेस घालून जूचंद्रला गेली आणि प्रयोगशाळेची बेल दाबली. दार सुमेध सरांनीच उघडलं.

"मी प्रिस्का. घडीवाली."

सरांना हसू आवरेना. त्यांनी तिला आत घेतलं, खुर्ची दिली आणि म्हणाले, "बघणार का, तुमच्या घडीत कोण बसलं होतं ते?"

प्रिस्काने चष्मा कपाळावर सरकवून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. आणि तिथेच थबकली. काचेचे असावेत असे जीव. आरपार दिसणारे, लांब मिशांचे, पायांना केसांहून बारीक झालर. अशी झालर तिने सगळ्या आयुष्यात कुठल्या गाऊनला लावली नव्हती. "कोन शिवतंय रे हे," ती स्वतःशीच पुटपुटली. मग डोळा काढून म्हणाली, "माझ्यापायी यांचा पत्ता चुकला."

"चुकला खरा," सर म्हणाले. "पण जाळं वाईट नाही, तुस्कानो बाई. बेत अचूक आहे, ओढ सरळ घेतं. अडचण फक्त शिवणीची."

"मग माया काढून टाकते."

"तिथेच तर घोडं पेंड खातं. हे कापड कडेला सुटतं. आत काहीच ठेवलं नाही, तर पाण्याच्या ओढीने शिवण धाग्याधाग्याने उसवेल. परदेशात ते वितळवून चिकटवतात. ते यंत्र आपल्याकडे नाही."

दोघं त्या जाळ्यावर वाकून बसली. सरांनी कागद घेऊन पाणी आत कसं वाहतं ते काढून दाखवलं. आतली बाजू घोटून काढल्यासारखी हवी, बाहेर काय असेल ते असो. प्रिस्काने ते बोटाने चाचपून समजून घेतलं. मग तिने सरांच्या पँटकडे बघितलं. सर जरा गडबडले.

"जीन्सची शिवण," ती म्हणाली. "दोन्ही कडा एकमेकींत अडकवून चपट्या दाबायच्या. कड सुटायची सोय नाही. आनि घडी सगळी बाहेरच्या अंगाला. आत नुसतं कापडाला कापड."

"आणि बाहेरून वर पट्टी मारली तर?"

"मग बाहेरूनपन कोन शिरायचं नाही."

सरांनी परदेशी जाळ्याची मागणी रद्द केली नाही. तेवढा भाबडा माणूस तो नव्हे. पण नोव्हेंबरात एक फेरी होणार होती, आणि तोवर जाळं झालं तर ते न्यायला त्यांनी होकार दिला.

घरी येऊन प्रिस्का कामाला लागली आणि पहिल्याच कापणीला अडली. कात्री रेघेच्या इतक्या जवळ न्यायला तिचा हात तयार होईना. चूक झाली तर सावरायला आत काही नाही, पुन्हा उसवून वाढवणं नाही. जन्मभराची सवय अंगठ्यात जाऊन बसली होती. दोनदा तिने कात्री खाली ठेवली. तिसऱ्यांदा आग्नेल दारातून म्हणाला, "मी कापू काय?" ते ऐकून तिला असा संताप आला की कात्री सरळ चालली.

पहिली शिवण ओढीला टिकली नाही. दुसरीत सुईची भोकं मोठी पडली. तिसरीला दोरा जाड होता, तो आतून उंच लागायचा. जाळं चांगलं झालं हे कळायचं कसं, हाही प्रश्न होता, कारण घरी सूक्ष्मदर्शक नव्हता. त्यावर तिने खसखस शोधली. वाडीच्या कडेच्या बावखलात, म्हणजे गावातल्या त्या गोड्या पाण्याच्या डबक्यात, आग्नेल कमरेएवढ्या पाण्यात उतरून जाळं धरायचा, प्रिस्का त्याच्या तोंडात मूठभर खसखस सोडायची, मग तो ते ओढत पलीकडे न्यायचा. जाळं बाहेर काढून धुवायचं, उलटं करायचं आणि शिवणीवर बोट फिरवत बघायचं. एक दाणा सापडला तरी सगळी शिवण उसवायची. गावच्या दुकानातली खसखस संपली. दुकानदाराला वाटलं, तुस्कानोंकडे लग्न निघालंय. शेजारच्या बायका काठावर येऊन उभ्या राहायच्या आणि आग्नेलला विचारायच्या, "काय रे, मासे की मिठाई?" तो बिचारा पाण्यात उभा राहून सगळ्यांना समुद्राच्या तळमजल्यावरचं बिनहवेचं पाणी समजावून सांगायचा, तेही चुकीचं.

शेवटी एका दुपारी दाणा सापडला नाही. पुन्हा केलं, नाही सापडला. प्रिस्काने चष्मा पुसून तिसऱ्यांदा बघितलं. आतली शिवण बोटाला लागतच नव्हती. आग्नेल काठावर येऊन कुडकुडत म्हणाला, "झालं ना? मग मला न्हाऊ दे." तिने त्याला भिजल्या अंगानेच मिठी मारली. शेजारणींनी हे पुढे बरेच दिवस पुरवून सांगितलं.

फेरीच्या दिवशी सुमेध सर स्वतः आले, आणि त्यांनी प्रिस्कालाही बोलावून घेतलं. "शिवण गेली, तर तिथल्या तिथे बघायला कुणीतरी हवं," ते म्हणाले. पाचूबंदरच्या धक्क्यापुढे ती आयुष्यात कधी गेली नव्हती. खाडी ओलांडेपर्यंत ती ताठ बसली, मग तिच्या पोटाने दगा दिला. व्हॅलेरियन सुकाणूवरून ओरडला, "बाय, लांब बघ, पान्यात नको बघू! पानी फिरवतंय!" तिने लांब बघितलं, तरी व्हायचं ते झालंच.

सरांनी ऑक्टोबरातलाच क्रम ठेवला. मुद्दाम. आधी खाडीच्या तोंडाशी जाळं ओढलं, गाळाने भरवलं, मग धुतलं. मग ते डेकवर उलटं पसरलं, आणि सर गुडघ्यावर बसून तोंडापासून शेपटापर्यंत भिंग घेऊन शिवण तपासत गेले. प्रिस्का काठाचा दोर घट्ट धरून बघत होती. गाळाचा कणही सापडला नाही, तेव्हा सर उठले आणि त्यांनी जाळं सुलटं करायला सांगितलं.

किनारा दिसेनासा झाल्यावर बोट थांबली. जाळं मिटलेलं खाली गेलं. दोर सुटत राहिला, सुटत राहिला, मग थांबला. ज्ञानदाने दोरावरून एक वजन सोडून खालची कळ दाबली, म्हणजे तळाशी जाळं उघडलं. व्हॅलेरियनने बोट हळू हाकली आणि एकाएकी दोर ताठ झाला, बोटीचं ढुंगण खाली दबलं.

"जड हाय! कायतरी भरला!" व्हॅलेरियन ओरडला.

ज्ञानदाचा चेहरा उतरला. खाली जेलीफिशचा थवा असणार, आणि जाळं त्यात शिरलं असणार. अशा ओझ्याने परदेशी जाळीही फाटलीत, हे तिला माहीत होतं. तिने दुसरं वजन सोडून जाळं मिटायची कळ दाबली, आणि ते वर ओढायला सुरुवात झाली. आत एक बोटाचीही माया नव्हती. सुटलं तर सुटलंच. प्रिस्का मोठ्याने प्रार्थना म्हणायला लागली आणि मध्येच व्हॅलेरियनला "हळू, हळू रे मेल्या," असं ओरडू लागली, आणि दोन्ही एकाच सुरात चाललं होतं.

जाळं वर आलं. तोंडाशी पांढऱ्या थुलथुलीत जेलीफिशचा गोळा अडकून बसला होता, पण मागे पोटापासून शेपटापर्यंत कापड ताणलेलं, आणि शिवण जशीच्या तशी. एक टाका हलला नव्हता. व्हॅलेरियनने शीळ घातली. ज्ञानदाने शेपटाची बाटली सोडवली, पाणी बशीत ओतलं आणि छोटा सूक्ष्मदर्शक त्यावर धरला.

बोट डोलत होती, ती बशी सावकाश फिरवत बघत होती.

"खाडीचं आहे काही?" सरांनी विचारलं.

"एकसुद्धा नाही, सर."

"मग रिकामं आहे?"

"नाही! तुम्ही बघा ना. प्लीज, तुम्हीच बघा."

सरांनी बघितलं आणि त्या सावध माणसाच्या तोंडून चक्क "अरे वा!" निघालं. बशीत काचेसारखे जीव होते, पोटात केशरी तेलाचा थेंब घेतलेले. खालच्या कोंदट पाण्यात हालचाल थांबवून, जेमतेम श्वास घेत ते दडून बसले असणार. आता वरच्या पाण्यात, उन्हात, ते एकेक करून पाय हलवायला लागले होते. तळमजला ओसाड नव्हता. तिथे लोक राहत होते. ज्ञानदाने पहिल्या वेळी चुकीच्या जिवांवरून जे म्हटलं होतं, की तळाच्या पाण्यातही कुणी जगतं, ते या जिवांनी खरं करून दाखवलं. ती हसत होती आणि रडत होती. तिने प्रिस्काला ओढून बशीपाशी आणलं.

"बघा आंटी, हे तळाचे. हे खरोखरच तळाचे!"

प्रिस्काने बघितलं. तिला शास्त्रातलं काही कळत नव्हतं, पण हे कळलं की हे जीव आजवर कुणाला दिसले नव्हते आणि ते तिच्या हातून वर आले होते. एवढा आनंद तिला वेदीपुढे उभ्या असलेल्या एकाही नवरीकडे बघून झाला नव्हता, आणि ते तिने तिथेच मोठ्याने सांगूनही टाकलं.

एकावर थांबून चालणार नव्हतं. सरांनी जाळं धुवायला लावलं, उलटं करून पुन्हा भिंगाने शिवण बघितली, मग दुसऱ्या ठिकाणी खाली सोडलं. परत तेच काचेचे जीव, परत शिवण अगदी साफ. ज्ञानदा बाटल्या भरत होती आणि गुणगुणत होती.

तिसऱ्या ठिकाणी बोट थांबली. बोटीवरच्या पोरांनी जाळं धुतलं आणि सवयीने उलटं पसरायला घेतलं. सुमेध सरांनी भिंग खिशात घातलं.

"राहू दे," ते म्हणाले. "बघायची गरज नाही. सोडा खाली."

व्हॅलेरियनने प्रिस्काकडे बघून डोळे मोठे केले. जाळं बोटीच्या कडेवरून घसरलं, पाण्यात फुगलं आणि हिरव्या अंधारात खाली खाली जात दिसेनासं झालं. प्रिस्का कठड्याला टेकून ते गेलं तिकडे बघत राहिली. मग तिने डबा उघडला, घरून आणलेले मैद्याचे तळलेले फुगे सगळ्यांना वाटले आणि पहाटेपासून पहिल्यांदाच स्वतः पोटभर खाल्ले.